देवाचे मूळ: ख्रिस्ती उत्तरे आणि त्यांच्या खरेपणाच्या कसोट्या

जग देवाने निर्माण केले असे सांगितले, की पुढचा प्रश्न लहान मूलही विचारते: मग देवाला कोणी निर्माण केले? ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहाचे यावरचे उत्तर एका वाक्यात मावते. देवाला कोणी निर्माण केलेले नाही. तो अनादी आहे आणि त्याचे असणे दुसऱ्या कशावरही अवलंबून नाही. मात्र या वाक्याला आजचा नेमका अर्थ येईपर्यंत अनेक शतके गेली. त्यापायी धर्मपरिषदा भरल्या, बिशप हद्दपार झाले, काही मते पाखंडी ठरली. एवढे होऊनही हे उत्तर खरे कशावरून मानायचे, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

प्रस्तुत व्याख्यानाच्या पूर्वार्धात या उत्तराची घडण आणि उत्तरार्धात त्याच्या कसोट्या मांडल्या आहेत. दोन्ही भागांत एक भेद सांभाळावा लागतो. ‘देव असेल तर तो अनादीच असला पाहिजे’ हे एक विधान आहे आणि ‘देव आहे’ हे दुसरे. पहिले पटले म्हणून दुसरे सिद्ध होत नाही. दुसरे नाकारले म्हणून पहिले खोटे पडत नाही. या विषयावरचे बरेचसे वाद ही दोन विधाने एकच धरल्यामुळे लांबले आहेत.

१. जन्मकथा नसलेला देव

प्राचीन पश्चिम आशियातील आणि ग्रीसमधील देवांना आईबाप होते. बाबिलोनच्या ‘एनूमा एलिश’ या काव्यात अप्सू आणि तियामत या आदिम जलांपासून देवांच्या पिढ्या होतात आणि धाकट्या पिढीतला मार्दुक पराक्रमाच्या बळावर त्यांचा राजा बनतो. ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’त देवांची वंशावळच सांगितली आहे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात यातले काही नाही. तिथे पहिल्याच वाक्यात देव कर्ता म्हणून हजर असतो. तो कुठून आला हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

पुढच्या पुस्तकांत या मौनाला शब्द मिळाले. पर्वत उपजण्यापूर्वीही देव होताच, असे ९०वे स्तोत्र म्हणते. देवाच्या आधी दुसरा देव झाला नाही आणि नंतरही होणार नाही, असे यशया संदेष्टा बजावतो. ‘निर्गम’च्या तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपापाशी मोशे देवाचे नाव विचारतो. त्याला जे नाव मिळते ते कुळाचे नाही, ठिकाणाचे नाही. ते केवळ ‘असणे’ सांगणारे आहे. ही सारी विधाने श्रद्धेची आहेत. त्यांत युक्तिवाद नाही. युक्तिवादाची गरज ग्रीक तत्त्वज्ञानाशी गाठ पडल्यावर निर्माण झाली.

मराठीत या कथनाचा एक लक्षणीय आविष्कार आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुराणाच्या पारंपरिक पाच लक्षणांत वंश, म्हणजे देवांच्या आणि ऋषींच्या वंशावळी, हे एक लक्षण असते. स्टीफन्सने पुराणाचा घाट घेतला, ओवी घेतली, श्रोत्यांच्या शंका आणि त्यांचे निरसन ही पद्धतही घेतली. देवाची वंशावळ मात्र त्यात येऊ शकत नव्हती. निर्माता आधीपासून आहे आणि बाकी सारे त्याच्यापासून आहे, इथूनच कथा सुरू होते.

२. देव आणि मूळद्रव्य

देव अनादी आहे हे मान्य केले तरी तो एकटाच अनादी आहे का, हा प्रश्न उरतो. प्लेटोच्या ‘तिमेअस’ या संवादातला विश्वकर्मा आधीच असलेल्या अव्यवस्थित द्रव्याला आकार देतो. दुसऱ्या शतकातील नॉस्टिक पंथांनी तर जगाच्या निर्मात्यालाच मूळ चिकटवले. व्हॅलेंटिनसच्या अनुयायांच्या मते हे जग घडवणारा देव दुय्यम आणि अज्ञानी होता. सोफिया नावाच्या दिव्य शक्तीच्या स्खलनातून तो उपजला आणि खरा परमेश्वर त्याच्याही पलीकडे, आपल्या दिव्य पूर्णत्वात होता. ‘देवाला कोणी निर्माण केले?’ या प्रश्नाला सरळ नाव घेऊन उत्तर देणारा हा पंथ होता.

ल्योंचा बिशप इरेनिअस याने इ.स. १८०च्या सुमारास त्याचे खंडन केले. निर्मात्याच्या पलीकडे आणखी एक पूर्णत्व मानले, तर त्याच न्यायाने त्याच्याही पलीकडे दुसरे मानावे लागेल आणि मग कुठेच थांबता येणार नाही, असा त्याचा मुद्दा होता. भारतीय न्यायशास्त्रात याला अनवस्था दोष म्हणतात. ‘मग देवाला कोणी?’ हा प्रश्न आज आस्तिकांना अडवण्यासाठी विचारला जातो. इरेनिअसने तोच निर्मात्याला जन्म देणाऱ्यांवर उलटवला होता.

तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने कार्थेजमध्ये तिसऱ्या शतकाच्या आरंभी हर्मोजेनिस या चित्रकाराविरुद्ध ग्रंथ लिहिला. देवाने अनादी द्रव्यातून जग घडवले, असे हर्मोजेनिस मानत असे. तर्तुल्यनचे उत्तर असे: जे अजन्मा आणि अनादी आहे ते देवाच्या बरोबरीचे ठरते; म्हणून द्रव्य अनादी मानणे म्हणजे दुसरा देव मानणे होय. येथून ‘मूळ नसणे’ ही केवळ देवाची खूण ठरली आणि शून्यातून निर्मितीचा सिद्धांत पक्का झाला.

हाच वाद पुढे सोळा शतकांनी बनारसमध्ये उभा राहिला. नीलकंठशास्त्री गोरे या चित्पावन पंडितांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) या हिंदी ग्रंथात सहाही दर्शनांची तपासणी केली. न्याय-वैशेषिकांचा ईश्वर नित्य आहे. पण परमाणू आणि जीवात्मेही तितकेच नित्य आहेत. अशा ईश्वराला जग रचण्यासाठी आयते साहित्य लागते, मग त्याचे सर्वसामर्थ्य कसे टिकते, हा गोरे यांचा आक्षेप होता. तर्तुल्यन आणि गोरे यांच्यापुढचे प्रतिपक्ष वेगळे होते, पण दोघांना राखायची होती ती गोष्ट एकच: अनादी एकच असावा.

३. पुत्राला मूळ आहे का?

चौथ्या शतकात हा प्रश्न चर्चच्या घरातच उद्भवला. अलेक्झांड्रियातील आरिअस हा धर्मगुरू याच नियमाला चिकटून होता. अनादी फक्त पिता. पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, पित्यापासून आहे. म्हणून पुत्राला आरंभ आहे आणि तो नव्हता अशी अवस्था होती, असे तो सांगे. त्याचा तर्क सरळ होता आणि म्हणूनच तो अनेकांना पटला.

सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्निकमध्ये, परिषद बोलावली. परिषदेने जो मतांगीकार स्वीकारला त्यात पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, पण घडवलेला नाही, आणि त्याचे सत्त्व पित्याचेच आहे, असे ठरले. ‘जन्मणे’ आणि ‘घडवले जाणे’ यांत फरक केल्यामुळे वादाला वेगळे वळण लागले. घडवलेली वस्तू घडवणाऱ्याहून वेगळ्या जातीची असते. जन्मलेला पुत्र पित्याच्याच जातीचा असतो. या जन्माला काळ नाही, ही कल्पना ओरिजेनने तिसऱ्या शतकातच मांडलेली होती.

परिषदेने वाद संपला नाही. अथनेशिअस या अलेक्झांड्रियाच्या बिशपाला नायसियाच्या बाजूने उभे राहिल्यामुळे पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. त्याच्या आग्रहामागे तारणाचा विचार होता. निर्मित वस्तू दुसऱ्या निर्मितीला देवाशी जोडू शकत नाही. पुत्र तारणारा असेल तर तो देवच असला पाहिजे. पुढे युनोमिअसने आरिअसची बाजू अधिक धारदार केली. ‘अजन्मा’ हीच देवाच्या स्वरूपाची व्याख्या आहे, आणि पुत्र जन्मलेला असल्याने तो देव नाही, असे त्याने मांडले. कप्पदोकियाच्या बेझिलने आणि दोन ग्रेगरींनी त्यावर उत्तर दिले, की ‘अजन्मा’ हा शब्द पिता कोणापासून नाही एवढेच सांगतो. देव काय आहे हे तो सांगत नाही. देवाचे स्वरूप कोणत्याही एका व्याख्येत सापडत नाही. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ही भूमिका पक्की केली.

या वादातून निघालेला निष्कर्ष पुढच्या सर्व चर्चेला उपयोगी आहे. देवाच्या आत ‘पासून’ हा संबंध असू शकतो, पण त्यात आधी-नंतर नाही, कमी-जास्त नाही. पूर्ण अर्थाने मूळ नसलेला पिता आहे. तरी पुत्र आणि पवित्र आत्मा यांना मूळ आहे म्हणून ते निर्मित ठरत नाहीत.

४. काळाच्या आधी काय?

‘देव जग निर्माण करण्यापूर्वी काय करत होता?’ हा आणखी एक जुना प्रश्न. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाचे अकरावे प्रकरण त्यावर खर्च केले. असल्या चौकशा करणाऱ्यांसाठी देव नरक तयार करत होता, हे तेव्हा प्रचलित असलेले थट्टेचे उत्तर त्याने नोंदवले आणि बाजूला ठेवले. प्रश्न हसण्यावारी नेणे म्हणजे उत्तर देणे नव्हे, असे त्याला वाटे. त्याचे स्वतःचे उत्तर असे, की काळ हाही निर्मितीचाच भाग आहे. काळच नव्हता तिथे ‘पूर्वी’ या शब्दाला जागा नाही.

सहाव्या शतकात बोईथिअसने मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथात शाश्वततेचा अर्थ आणखी नेमका केला. शाश्वत म्हणजे न संपणारा काळ नव्हे. अमर्याद जीवन एकाच वेळी, संपूर्णपणे असणे म्हणजे शाश्वतता. या अर्थाने देवाचा ‘आरंभ’ विचारताच येत नाही. सर्व ख्रिस्ती विचारवंतांना मात्र हे मान्य नाही. बायबलमधला देव ऐकतो, प्रतिसाद देतो, वचने पाळतो. निकोलस वॉल्टरस्टॉर्फ याने १९७५ साली असा युक्तिवाद केला, की असा देव काळाबाहेरचा नसून सर्व काळ टिकणारा मानावा लागतो. त्यालाही आरंभ नाही, पण आरंभ नसण्याचा अर्थ वेगळा आहे.

५. अकारण असणे

मध्ययुगात प्रश्न काळाकडून कारणाकडे वळला. अ‍ॅन्सेल्मने १०७६च्या सुमारास ‘मोनोलॉगिऑन’मध्ये म्हटले, की बाकी सर्व गोष्टी दुसऱ्यामुळे आहेत, परमश्रेष्ठ ते स्वतःमुळेच आहे. याचा अर्थ त्याने स्वतःला निर्माण केले असा नाही, हे त्याने तिथेच स्पष्ट केले.

टॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’तील पहिल्या भागाचा दुसरा प्रश्न या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. ‘देव आहे काय?’ या लेखाची सुरुवात विरोधी पक्षाने होते. पहिला आक्षेप दुष्टाव्याचा: अनंत चांगुलपणा असता तर वाईटाला थारा मिळाला नसता. दुसरा आक्षेप आजच्या वाचकाला आपला वाटेल असा आहे: निसर्गातल्या गोष्टी निसर्गाच्या नियमांनी आणि माणसाच्या गोष्टी माणसाच्या बुद्धीने व इच्छेने उलगडत असतील, तर देवाची गरज काय? यानंतर ‘निर्गम’मधील मोशेच्या प्रसंगाचा हवाला, मग पाच मार्ग, आणि शेवटी दोन्ही आक्षेपांना उत्तरे. तेराव्या शतकातल्या विद्यापीठात वाद असाच चाले. आक्षेप मांडल्याशिवाय मत मांडता येत नसे.

पाच मार्गांपैकी पहिले तीन नीट वाचले तर दिसते, की ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते’ असे अक्वायनस कुठेच म्हणत नाही. जे बदलते, जे दुसऱ्यामुळे घडते, जे असते आणि नसतेही, त्याला कारण लागते, एवढेच तो म्हणतो. कारणांच्या साखळ्याही तो दोन प्रकारच्या मानतो. लोहाराचा एक हातोडा मोडला म्हणून तो दुसरा घेतो, मग तिसरा. अशी मालिका मागे कितीही गेली तरी चालेल. बाप, आजोबा, पणजोबा ही साखळीही तशीच. नैयायिक बीज आणि अंकुर यांच्या अनवस्थेला दोष मानत नाहीत, त्याचे कारण याच्या जवळपासचे आहे. परंतु हाताने काठी आणि काठीने दगड हलतो, तेव्हा काठीची ढकलण्याची शक्ती त्याच क्षणी हातातून येत असते. अशा साखळीला उसनी नसलेली शक्ती कुठेतरी असावीच लागते. अक्वायनसचा देव काळाच्या मागच्या टोकाला उभा नाही. तो या क्षणीच्या असण्याचा आधार आहे. म्हणूनच जगाला आरंभ होता हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते प्रकटीकरणाने कळते, असे तो निःसंकोच म्हणू शकला.

देव काय आहे आणि तो आहे, या दोन गोष्टी देवाच्या बाबतीत वेगळ्या नाहीत, ही त्याची पुढची पायरी. इतर वस्तूंना अस्तित्व मिळालेले असते. देव स्वतःच अस्तित्व आहे. मिळालेलेच नाही, तर देणारा कोण, हा प्रश्न उद्भवत नाही.

देकार्तने १६४१ साली वेगळा शब्दप्रयोग करून पाहिला: देव एका अर्थाने स्वतःचेच कारण आहे. कातेरुस या डच धर्मगुरूने आणि आँत्वान आर्नो याने त्याला तात्काळ अडवले. कारण होण्यासाठी आधी असावे लागते. स्वतःच्या आधी कोणी असू शकत नाही. मुख्य प्रवाहाने आर्नोची बाजू घेतली. देव अकारण आहे असे म्हणावे, स्वतःचे कारण म्हणू नये, हा संकेत तेव्हापासून अधिक काटेकोर झाला.

६. वेगळे सूर

ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या सर्वांनीच हे उत्तर स्वीकारले असे नाही. लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने ७ एप्रिल १८४४ रोजी इलिनॉयमधील नॉवू येथे किंग फॉलेट नावाच्या मृत अनुयायाच्या निमित्ताने प्रवचन केले. देव एके काळी मानवासारखा होता आणि उन्नत होऊन देव झाला, असे त्याने त्यात सांगितले. शून्यातून निर्मितीही त्याने नाकारली. येथे देवाला, निदान देवपणाला, खरोखरच मूळ आहे. नायसियाच्या मतांगीकारावर उभ्या असलेल्या चर्चेसना हे मान्य होण्यासारखे नव्हते. कॅथलिक चर्चने २००१ साली या पंथाचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय दिला, त्यामागे देवाविषयीच्या कल्पनेतला हा भेद होता.

विसाव्या शतकात अल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेडच्या ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’ (१९२९) या ग्रंथावरून एक ईश्वरशास्त्रीय पंथ निघाला. त्याच्या मते देव अनादी आहे. पण जगाशी त्याचे देणेघेणे चालते आणि जगामुळे त्याच्यात भर पडते. ‘कशावरही अवलंबून नाही’ हा जुन्या उत्तराचा अर्धा भाग इथे सुटतो.

७. आक्षेप

ह्यूमचे ‘नैसर्गिक धर्मविषयक संवाद’ त्याच्या मृत्यूनंतर १७७९ साली प्रसिद्ध झाले. जगाचे कारण म्हणून कल्पनेतले दुसरे जग मानायचे आणि तिथे थांबायचे, तर मग याच जगापाशी का थांबू नये, असा सवाल त्यात आहे. कांटने ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ (१७८१) या ग्रंथात म्हटले, की कारणावरून देवापर्यंत जाणारा युक्तिवाद शेवटच्या पायरीवर ‘अनिवार्यपणे असणारे’ या कल्पनेवर विसंबतो. म्हणजे नुसत्या कल्पनेवरून अस्तित्व काढण्याची चूक त्यात लपलेली असते.

जॉन स्टुअर्ट मिलच्या १८७३ सालच्या आत्मचरित्रात त्याच्या वडिलांची शिकवण नोंदलेली आहे: ‘मला कोणी निर्माण केले?’ याचे उत्तर ‘देवाने’ असे दिले, की ‘देवाला कोणी?’ हा प्रश्न लगेच येतो. बर्ट्रंड रसेलने अठराव्या वर्षी हे वाचले आणि आदिकारणाचा युक्तिवाद सोडून दिला. ६ मार्च १९२७ रोजी लंडनमधील बॅटरसी टाउन हॉलमध्ये दिलेल्या ‘मी ख्रिस्ती का नाही’ या व्याख्यानात त्याने हे सांगितले. सगळ्याला कारण लागत असेल तर देवालाही लागेल. विनाकारण काही असू शकत असेल तर जगही असू शकेल, असा त्याचा पेच होता.

पेचाचा पहिला भाग अक्वायनसला लागू होत नाही, कारण ‘सगळ्याला’ हा शब्द त्याच्या युक्तिवादात नाही. दुसरा भाग मात्र लागू होतो. १९४८ साली बीबीसी रेडिओवर रसेल आणि जेझुइट तत्त्वज्ञ फ्रेडरिक कोपलस्टन यांच्यात जो वाद झाला तो याच ठिकाणी अडला. नसूही शकणाऱ्या वस्तूंच्या एकूण समूहालाही स्पष्टीकरण हवे, असे कोपलस्टनचे म्हणणे. जग आहे, एवढ्यावर थांबण्यात काही चूक नाही, असे रसेलचे. दोघेही कुठेतरी थांबतातच. कोणते थांबणे अधिक समर्थनीय, हा खरा मतभेद आहे.

रिचर्ड डॉकिन्सने २००६ साली आक्षेपाला आकडेमोडीचे रूप दिले. गुंतागुंतीच्या जगाचा रचनाकार जगाहून गुंतागुंतीचा असणार, म्हणून त्याचे असणे जगाहूनही असंभाव्य आहे. विल्यम पेलीच्या १८०२ सालच्या रचनावादाला हा आक्षेप थेट भिडतो. अक्वायनसच्या परंपरेला तो पुरता भिडत नाही, कारण तिथला देव अवयवांचा बनलेला नाही. भाग नसणे हे तर त्या देवाचे पहिले लक्षण आहे. परंतु भाग नसलेला देव जाणतो, इच्छितो आणि प्रेम करतो हे कसे, हा प्रश्न मग ख्रिस्ती विचाराच्या अंगावर येतो. अ‍ॅल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञानेच १९८० साली अक्वायनसची ही निरवयवता अमान्य केली.

विज्ञानाच्या बाजूने १९३१ साली जॉर्ज लमेत्र या बेल्जियन पाद्री-शास्त्रज्ञाने विश्वाच्या आदिम अणूची कल्पना मांडली. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या या आरंभात निर्मात्याची साक्ष पाहिली. लमेत्रला हे जोडणे पसंत नव्हते. भौतिकशास्त्रातला आरंभ आणि ईश्वरशास्त्रातली निर्मिती या वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्याची भूमिका होती. अक्वायनसचा सावधपणाही याच जातीचा होता.

८. उत्तर खरे कशाने ठरते?

सत्य म्हणजे काय आणि ते ओळखायचे कसे, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे प्रचलित ख्रिस्ती उत्तर अक्वायनसने वापरलेल्या सूत्रात आहे: बुद्धी आणि वस्तू यांचा मेळ म्हणजे सत्य. देवाविषयीचे विधान खरे ठरते ते देव तसा असल्यामुळे. मानणाऱ्यांच्या संख्येमुळे नव्हे, मिळणाऱ्या समाधानामुळेही नव्हे. मात्र १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने एक मर्यादा घातली. निर्माता आणि निर्मिती यांत कितीही साम्य दाखवले तरी भेद त्याहून मोठाच राहतो. म्हणून ‘अनादी’ हा शब्द देवाचे चित्र काढत नाही. तो बहुतांशी नकार आहे.

ओळखण्याच्या कसोट्या मात्र अनेक आहेत. पहिली वचनाची आणि परंपरेची. लेरॅंच्या व्हिन्सेंटने ४३४ साली नियम सांगितला, की जे सर्वत्र, सदैव आणि सर्वांनी मानले ते खरे. नायसियाच्या काळचा इतिहास पाहता हा नियम वापरणे सोपे नाही. अनेक वर्षे बिशपांचा मोठा गट आरिअसच्या बाजूला झुकलेला होता. प्रॉटेस्टंट सुधारकांनी परंपरेऐवजी शास्त्रवचनाला शेवटचा अधिकार दिला, तरी वचनाचा अर्थ कोणी लावायचा हा पेच राहिलाच.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा पेच ठळकपणे दिसतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चने सांगितले म्हणून मान्य करावे, हा सल्ला त्यांना पटेना. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवले असताना दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. बायबल आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांच्या आधारे निर्णय घेण्याचा हक्क त्या मागत होत्या. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच वृत्तीचे फळ होते.

दुसरी कसोटी बुद्धीची. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की देवाचे अस्तित्व मानवी बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चितपणे कळू शकते. १९३४ साली कार्ल बार्थने याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. देव स्वतःला प्रकट करतो तेवढाच कळतो. बुद्धीने गाठलेला देव माणसाचीच प्रतिमा असतो. जे. एन. फिंडलेने तर १९४८ साली बुद्धीची कसोटी देवाच्या विरोधात वापरली. उपासनेला पात्र देव अनिवार्यपणेच असला पाहिजे. पण अनिवार्य अस्तित्व ही कल्पनाच अशक्य आहे. म्हणून देव नाही. आरंभी सांगितलेला भेद इथे लख्ख दिसतो: फिंडलेला पहिले विधान पूर्ण मान्य आहे आणि त्याच बळावर तो दुसरे नाकारतो.

तिसरी कसोटी पुराव्याची. अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे नैतिकदृष्ट्या चूक आहे, असे डब्ल्यू. के. क्लिफर्डने १८७७ साली लिहिले. विल्यम जेम्सने १८९६ साली उत्तर दिले, की काही निर्णय टाळता येत नाहीत आणि पुराव्याने सुटतही नाहीत. तिथे मनाचा कौल घेण्याचा अधिकार माणसाला आहे. न्यूमनने १८७० सालीच मधला मार्ग दाखवला होता. अनेक स्वतंत्र संभाव्यता एका दिशेला वळतात, तेव्हा एकही पुरावा निर्णायक नसतानाही वाजवी खात्री येते. प्लँटिंगाने २००० साली म्हटले, की देवावरील श्रद्धा ही स्मृती किंवा इंद्रियज्ञानासारखी मूलभूत असू शकते. पण ती तशी ग्राह्य ठरणे हे देव असण्यावरच अवलंबून आहे, हे त्यानेही मान्य केले.

चौथी कसोटी अर्थाची. ए. जे. एअरने १९३६ साली पडताळता न येणारी विधाने अर्थशून्य ठरवली. अँटनी फ्लूने १९५० साली विचारले, की कोणती गोष्ट घडली तर देव नाही असे आस्तिक मान्य करतील? कोणतीच नसेल, तर ते काही सांगतच नाहीत. जॉन हिकने १९६० साली मृत्यूनंतरच्या पडताळणीकडे बोट दाखवले. एअरचे तत्त्व स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही, हे पुढे बहुतेकांनी मान्य केले. फ्लूचा प्रश्न मात्र अजून टोचतो.

पाचवी कसोटी फळाची. झाड फळावरून ओळखावे हा येशूचाच दृष्टान्त आहे, आणि जोनाथन एडवर्ड्सने १७४६ साली खऱ्या धर्मभावनेची अंतिम खूण आचरणात पाहिली. पण फळ माणसाच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. देव अनादी आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. अनादी देव मानणारे आणि उन्नत झालेला देव मानणारे दोघेही सारखेच सदाचारी असू शकतात.

९. कसोट्यांची वाटणी

या पाचही कसोट्या एकमेकींच्या जागी ठेवता येत नाहीत. वचन आणि परंपरा यांनी एवढे ठरते, की एखादे उत्तर ख्रिस्ती आहे की नाही. व्हॅलेंटिनस, आरिअस आणि स्मिथ यांच्या उत्तरांचा निकाल चर्चने तिथे लावला. बुद्धी उत्तराची सुसंगती तपासते आणि ‘देवाला कोणी निर्माण केले?’ हा प्रश्न कोणत्या देवाला लागू पडतो ते सांगते. जो घडला, वाढला किंवा मिळालेल्या अस्तित्वावर जगतो, त्याला तो लागू आहे. अकारण देवाला नाही. अर्थाची कसोटी पोकळ शब्दांपासून सावध करते आणि फळाची कसोटी मानणाऱ्याला तपासते.

असा अकारण देव खरोखर आहे का, हे यांपैकी कोणतीही कसोटी एकटीने ठरवत नाही. तिथे पुरावा, संभाव्यता, अनुभव आणि साक्ष एकत्र तोलावे लागतात, आणि विचारी माणसे त्यांचे वजन वेगवेगळे धरतात. म्हणून ‘मग देवाला कोणी?’ एवढे विचारून आस्तिकाचे मत खोडले जात नाही, आणि ‘तो अनादी आहे’ एवढे सांगून ते सिद्धही होत नाही. पहिल्याने ‘अनादी’ या कल्पनेचे खंडन करून दाखवले पाहिजे. दुसऱ्याने ती कल्पना वस्तुस्थितीशी जुळते हे वेगळे दाखवले पाहिजे.